पिठाचे हात

"आप्पा, हार परत घाला की. नीट आला न्हाय," मोबाइल धरून ऋतुराज म्हणाला.

शिवपुत्रनं बायकोच्या फोटोवरचा हार काढला, पुन्हा घातला. शकुंतलाला जाऊन आज वर्ष झालं होतं. वळसंगहून आलेला मेव्हणा रुद्रप्पा कौतुकानं बघत होता. "भाच्याला अख्खं सोलापूर बघतंय, दाजी. वाघ हाय."

रील तयार झाली. रडकं गाणं, पुढं ऋतुराजचा गॉगल, मागं हारातली शकुंतला.

"हिचा आवाज कुटं हाय रं ह्यात?"

"आईचे व्हिडिओ मी कदी काडले, आप्पा?"

काढायची ती ऋतुजा. भावाच्याच कॉलेजात शिकायची, पण भावाचं खातं जगाला उघडं आणि हिचं कुलूपबंद. चेहऱ्याच्या जागी जास्वंदीचं फूल, आत वर्गातल्या चारदोन मैत्रिणी. तिथं ती आईचे व्हिडिओ टाकायची. भाकरी थापता थापता शकुंतला ओरडायची, "काडू नगं गं, हात पिठाचे हायत," आणि हसत तोंड लपवायची. शेवटी दवाखान्यात ऋतुजानं तो व्हिडिओ आईला दाखवला, तेव्हा शिवपुत्रनंही बघितला होता.

शकुंतला गेली आणि नातेवाइकांनी ऋतुजासाठी स्थळं काढली. रुद्रप्पा म्हणाला, "आदी पोरीचं खातं पुसा. लोकं बघत्यात." शिवपुत्रनं पोरीला समोर बसवून ते पुसायला लावलं.

तो आता स्वयंपाकघरात गेला. ऋतुजा भाकरी थापत होती.

"आईचा तो व्हिडिओ लाव की जरा."

"त्या खात्यावर होता, आप्पा."

"फोनात असंल की."

"फोनात जागा कुटं होती? तितंच ठेवलेले सगळे."

"मग तवा सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं की. तुमी म्हणालात, नाटकं नगंत, आदी पूस."

शिवपुत्रला ते आठवलं. बाहेर ऋतुराज मामाला लाइक दाखवत होता. आत थापण्याचा आवाज तसाच येत होता, अगदी शकुंतलाच्या हाताचा. त्यानं खिशातला मोबाइल काढला आणि चाचपडत पोरीवर धरला.

ऋतुजानं वर पाहिलं. पिठाचा हात तोंडापुढं धरला. ती हसली नाही.

"काडू नका, आप्पा. लोकं बघत्यात."

त्यानं मोबाइल खाली घेतला. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती त्यानंच उलटली.