सढळ हाताची जाऊबाई

टेबलावर परत आलेलं मशीन पाहिलं आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिन्यांपूर्वी आपलं हे दुसरं शिलाई मशीन तिने धाकट्या जावेला आपणहून दिलं होतं. वर कात्री दिली, दोऱ्यांचा डबा दिला, स्वतःची दोन गिऱ्हाइकंसुद्धा दिली. आणि आज ही बया सगळं परत घेऊन पुढ्यात उभी!

"उद्यापासून कारखान्यात कपड्यांच्या घड्या घालायला जाणार आहे," धाकटी म्हणाली. "शिवणकाम मला जमणार नाही, जाऊबाई."

"कोण म्हणतं जमणार नाही?"

"तुम्हीच."

"मी? अगं, मी तुला मशीन दिलं!"

"दिलंत की. आणि दर शनिवारी येऊन मी शिवलेलं उसवलंतही. खिसा वाकडा, काज ढिलं, बाही चुकली. चार महिन्यांत एकदा तरी बरं म्हणालात?"

चुका दाखवायच्या नाहीत, तर ही शिकणार कशी? थोरलीला तरी कुणी गोंजारून शिकवलं होतं? म्हणजे द्यायचं आपण आणि वर वाईटपणाही आपणच घ्यायचा!

धाकटीने पिशवीतून शिवून झालेला शेवटचा शर्ट काढून ठेवला. थोरलीने सवयीने कॉलर उलटी केली, टोकं जुळवून पाहिली, टाके नखाने चाचपले. नाव ठेवायला जागाच नव्हती. इतकी नेटकी कॉलर वीस वर्षांत तिच्या स्वतःच्या हातून झाली नव्हती. हे तिला सांगायचं होतं, अगदी मनापासून सांगायचं होतं. पण तोंडून निघालं ते भलतंच. "ही कुणाकडून शिवून आणलीस?"

धाकटीचा चेहरा पडला. ती वळून जिना उतरू लागली.

थोरलीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. शर्ट हातात तसाच धरून ती कठड्याशी धावली. "अगं ए! चांगली झालीये कॉलर!"

धाकटी मधल्या पायरीवर थांबली, पण वर बघेना.

"माझ्याहून चांगली झालीये! ऐकलंस ना?" थोरली इतकी ओरडली की खालच्या मजल्यावरची दोन दारं उघडली. लाजेने तिचे कान तापले. मशीन देताना तिला याच्या निम्मंही जड गेलं नव्हतं.

धाकटीने डोळे पुसले आणि मान वर केली. "पुन्हा म्हणा."

थोरलीने आधी ओठ चावला आणि मग पुन्हा म्हटलं.