कोंडाजीबाबांची फाईल

माझं तोंड फटकळ आहे, हे म्हसरूळपासून दिंडोरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दिंडोरी रोडला माझं फ्लेक्सचं दुकान, आणि या धंद्यात तोंड गोड ठेवलं की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. "दीपमालाताई, फोटो जरा गोरा करा. मिशी दाट करा. गळ्यात चेन टाका." मी सरळ सांगते, मी फ्लेक्स छापते, चमत्कार करत नाही. पण त्या मंगळवारी दुपारी जे गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, त्याला बघून माझी बोलतीच बंद झाली. या माणसाचा श्रद्धांजलीचा बोर्ड मी पंधरा दिवसांपूर्वी माझ्या हाताने छापून दिला होता.

कोंडाजीबाबा. पांढरा सदरा, पांढरी टोपी, चेहरा जरा उतरलेला, पण माणूस चांगला दोन पायांवर उभा. मागे त्यांची बायको कलाबाई, एका हातात दवाखान्याची पिशवी, दुसऱ्या हातात थर्मास.

"वळखलं का?" बाबांनी विचारलं.

न ओळखायला काय झालं? सहा बाय चारमध्ये पाहिलेलं तोंड.

"या बाबा, बसा. चहा सांगते."

"च्या नाय, पानी नाय. आधी माझी फाईल पुसा."

झालं होतं असं. पंधरा दिवसांपूर्वी मार्केट यार्डात टोमॅटोची क्रेट उतरवताना बाबांच्या छातीत कळ आली. तिथल्या लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी बाबांचा फोटो टाकला आणि लिहिलं, "बाबांसाठी प्रार्थना करा." दुसऱ्याने नुसतेच हात जोडले. तिसऱ्याने वरचं न वाचताच टाकलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." मग काय विचारता! आपल्याकडे एकाने श्रद्धांजली वाहिली की बाकीच्यांना मागे राहणं कमीपणाचं वाटतं. तासाभरात साठ जणांनी बाबांना वर पोहोचवलं, आणि बाबा तिकडे दवाखान्यात डाळीचं पाणी पीत होते.

बाबांचा धाकटा भाऊ गोटीराम. दोघांचे मळे लागून, बांध एक, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अकरा वर्षं अबोला. दुसरा कुणी असता तर घरी फोन लावून विचारलं असतं, की बाबा खरंच गेले का? पण अबोला म्हणजे अबोला. विचारणार कुणाला आणि कुठल्या तोंडाने? ग्रुपवर वाचलं आणि गडी मोटारसायकल काढून थेट माझ्या दुकानात. संध्याकाळी बोर्ड चौकात लागला आणि पाऊण तासात उतरवला. पण तेवढ्यात अख्ख्या गावाने पाहिला.

"माझा जीव जायच्या आत माझा बोर्ड लावला त्यानं," बाबा म्हणाले. "अकरा वर्सं वाटच बघत व्हता."

"अहो बाबा, तो त्या दिवशी याच खुर्चीत बसून रडत होता. मी पाहिलंय."

"नाटकं! लहानपनापासून नाटक्या हाय तो."

मी विषय सोडून दिला. सख्ख्या भावांच्या भांडणात तिसऱ्याने पडलं की दोघं मिळून तिसऱ्यालाच धुतात.

कलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "ताई, चार वाजता यांना दाखल करायचंय. उद्या सकाळी बायपास. डॉक्टरांनी सांगितलं, आता टाळलं तर आम्ही काही सांगू शकत नाही. आणि यांचं एकच. फाईल पुसल्याबिगर दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणतात. सकाळपासून हात जोडून दमले मी."

"मग काय चुकलं माझं?" बाबा तावातावाने म्हणाले. "तिकडं डॉक्टर छाती उघडनार, अन् इकडं माझा बोर्ड छापून तयार. यमाला नुसतं बटन दाबायचं राह्यलं."

"फाईलने कुणी मरत नाही बाबा."

"मग ठेवता कशाला?"

याचं कारण सांगायला लाज वाटली. आमच्या धंद्यात कोरं पान घेऊन कुणी बसत नाही. जुनी फाईल उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, झाला नवा बोर्ड. म्हणून आम्ही काहीच पुसत नाही. एकदा अशाच घाईत एका वास्तुशांतीच्या बोर्डावर खाली 'दशक्रिया विधी' तसंच राहून गेलं होतं. ते गिऱ्हाईक अजून माझ्या दुकानासमोरून जाताना मान वळवतं.

"बरं, पुसते. डोळ्यांदेखत पुसते," मी म्हटलं. घड्याळात दीड वाजला होता. फाईल शोधली. नाव होतं 'कोंडाजी श्रद्धांजली फायनल'. तिच्याशेजारी तिचीच बॅकअपची प्रत. बॅकअप निवडली, डिलीट दाबलं, गेली.

"एक गेली."

"एक? किती येळा मारलं तुमी मला?"

दुसरी निवडली, डिलीट दाबलं. पडद्यावर चौकोन आला, ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मी सगळं बंद केलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तोच चौकोन.

"गेली का?"

"जातेय."

"जाईना व्हय?"

"तुमच्यासारखीच चिवट आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. कलाबाईंना इतक्या काळजीतही हसू आलं. बाबांना नाही आलं.

मग मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू होईपर्यंत बाबा पडद्याकडे असे बघत होते, जसा काही निकाल लागणार आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा चौकोन! फाईलचं नाव बदलून बघितलं, बदलू देईना. दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकलायला गेले, हलेना. 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण आहे का बघितलं, तीही नव्हती. मेली फाईल म्हणावं तर तीच सगळ्यांत जिवंत! मला इतका संताप आला की माऊस आपटला. घड्याळात दोनला दहा.

बाबा उठले. चेहरा पांढरा पडला होता. "कला, चल घरी. ज्याचं लिव्हलेलं पुसत नाय, त्याला डॉक्टर काय वाचवनार?"

"अहो, असं काय करता!" कलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. एका फडतूस फाईलपायी माणूस ऑपरेशन सोडून घरी चालला, आणि ती फाईल माझी.

"बाबा, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं द्या," मी म्हटलं आणि महेशला फोन लावला. महेश अंबडला असतो, आमच्या दुकानाचे कॉम्प्युटर तोच बघतो. सगळं ऐकून घेतलं आणि त्याने एकच विचारलं, "ताई, फाईल आहे कुठल्या मशीनवर?"

"आतल्या. जुनं सगळं आतल्याच मशीनवर असतं."

"मग बाहेरचं मशीन कशाला बंद-चालू करताय? ती आत उघडी असणार. आत जाऊन बघा."

मी कपाळावर हात मारला. आतल्या मशीनवर माझ्या हाताखालची मुलगी, स्नेहल, काम करते. ती जेवायला घरी गेली होती, आणि जेवायला जाताना ती नुसता पडदा बंद करते. काम तसंच उघडं. दहा वेळा बोलले असेन तिला! पण ही फाईल तिने कशाला उघडली? सकाळी मी फ्लेक्सचे रोल आणायला अंबडला गेले होते, तेव्हाचं काही मला माहीत नव्हतं.

मी आत गेले. बाबा माझ्या मागोमाग आले, त्यांच्यामागे कलाबाई. मी पडद्याचं बटण दाबलं.

तीच फाईल. तोच बाबांचा तरुणपणीचा फोटो. पण फोटोभोवतीचा हार काढलेला. वरचं श्रद्धांजली गेलेलं, आणि त्या जागी मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं. बाबा एकेक अक्षर जुळवत वाचू लागले.

"हृदयाच्या ऑपरेशननंतर... सुखरूप घरी आल्याबद्दल... श्री. कोंडाजीबाबा यांचे... हार्दिक स्वागत." ते थांबले. "आं? आजून गेलोबी नाय, अन् मला परत कोनी आनलं?"

मग त्यांची नजर खाली गेली. खालच्या कोपऱ्यात जुन्या फाईलमधलं तसंच राहिलं होतं.

"शोकाकुल. गोटीराम आनि परिवार."

तेवढ्यात स्नेहल दारात आली आणि आम्हा तिघांना आत बघून जागीच थबकली.

"स्नेहल, हे काय आहे?" मी ओरडलेच.

"ताई, सकाळी गोटीरामकाका आले होते. म्हणाले, मागच्या वेळी मी घाई केली, आता उशीर नको व्हायला. बोर्ड आठ-दहा दिवसांनी लागेल, पण आजच करून ठेवा. तयार असलेला बरा असतो. आणि खाली माझं नाव अजिबात नको, दादा बोर्ड फाडून टाकेल." ती पडद्याकडे बघून ओशाळली. "ते खालचं जेवून आल्यावर काढणार होते."

बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे. ते फोटोकडे वाकून बघत होते. जुना फोटो, दोघा-तिघांतून कापून काढलेला. असे फोटो कापले की शेजारच्याचा हात खांद्यावर राहून जातो, मग तो आम्ही पुसतो. या फोटोत तो हात तसाच होता, आधी हाराखाली झाकलेला. बाबांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं, आणि त्यातलं एक अर्धंच.

"हा हात का ठेवला?" बाबांचा आवाज बारीक झाला.

"मी काढत होते," स्नेहल म्हणाली. "काका म्हणाले, तेवढा राहू द्या."

बाबांनी पडद्यावरच्या त्या अर्ध्या बोटाला हात लावला. "कडबाकुट्टीत गेलं हे. तो आठ वर्सांचा व्हता. चाक मी फिरवत व्हतो. घरी इचारलं तर म्हनला, माझंच लक्ष नव्हतं, दादाला मारू नका." त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा टोपी घातली. मग पडद्याखालचं ते 'शोकाकुल' पुन्हा एकदा वाचलं आणि एकदम खो-खो हसायला लागले. छातीवर हात ठेवून हसत होते. कलाबाई घाबरल्या, "अहो, हळू, हळू!"

"स्वागत म्हनं, अन् शोकाकुल! आगं, हा मानूस एक काम धड करीत नाय!"

"बाबा, आता तर पुसते मी. लगेच जाईल," मी म्हटलं.

"थांबा. फाईल राहू द्या. ते एक 'शोकाकुल' तेवढं काढा."

मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. बाबांनी दाबलं. अर्धा तास छळणारी ती फाईल, पण शब्द असा गेला, जसा कधी नव्हताच.

"गोटीरामचं नाव राहू द्यायचं?" मी विचारलं.

"नाव कशाला? हात हाय तर मानूसबी टाका. सगळा फोटो टाका."

"तो कुठून आणू? सगळा फोटो त्यांच्याकडे आहे."

"मग मागवा."

"मी नाही मागवणार," मी म्हटलं. फटकळ तोंड कधीतरी कामाला येतं. "भाऊ तुमचा आहे. तुम्ही मागवा." आणि गोटीरामचा नंबर लावून फोन त्यांच्या कानाला लावला.

पलीकडून हॅलो हॅलो झालं. कलाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

"गोट्या," बाबा शेवटी म्हणाले. "मी. कोंडाजी... आरं, जिता हाय, म्हनून तर बोलतोय! रडू नको. ऐक. तो फोटू घेऊन ये, सगळा. अन् पिकअप घेऊन ये. चारला दाखल व्हायचंय, तूच सोड मला." फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता टाका च्या. बिनसाखरेचा."

मळ्यापासून माझं दुकान अर्ध्या तासावर. गोटीराम वीस मिनिटांत आला. सदऱ्याची बटणं वर-खाली, पायात दोन तऱ्हेच्या चपला, हातात फ्रेमसकट फोटो. दारातच उभा राहिला, आत येईना. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे वर मान करून बघितलं.

"या येळेला उशीर केला रे," ते म्हणाले. "अकरा वर्सं."

ऑपरेशन नीट झालं. बोर्ड दहाव्या दिवशी चौकात लागला, दोन्ही भावांचा, खांद्यावर हात असलेला. तेव्हापासून दोघं दर आठवड्याला माझ्या दुकानात येऊन बसतात आणि फोटोत जास्त देखणा कोण, यावरून भांडतात. मी हाकलते, जात नाहीत. फाईल अजून आतल्या मशीनवर आहे, आणि स्नेहलला मी सांगून ठेवलंय, तिला हात लावायचा नाही.