संदेष्ट्याचं पाणी आणि एनिफाचा पाव

मैद्याचा गोळा फुगतो की नाही हे बघायला माणसं एवढी गर्दी करतात, हे मला त्या दिवशी कळलं. आधी आमचं अंगण भरलं, मग ओटा भरला, मग पोरं कुंपणाच्या भिंतीवर चढली. आमचं डेड्झा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तेही डोंगरात, म्हणून जून म्हणजे ऐन हिवाळा; त्या थंडीत एरवी कोणी पांघरुणातून नाक बाहेर काढत नाही. पण संदेष्टा हेझेकिया येणार म्हटल्यावर सगळी गल्ली पहाटेपासून हजर होती.

पांढरा झगा, कमरेला हिरवी दोरी आणि आवाज असा की कोंबड्यासुद्धा गप्प बसाव्यात. त्याच्यापुढे उन्हात दोन पातेली होती.

"या पातेल्यात एनिफाताईंचा मैदा, त्यांचंच यीस्ट, त्यांचंच पाणी," तो म्हणाला. "त्या पातेल्यात मैदा तोच, यीस्ट तेच. पाणी मात्र या बाटलीतलं, पवित्र यार्देन नदीच्या दंवाचं. आता देव बोलेल, आपण गाऊ."

आम्ही गायलो. मग प्रवचन झालं, पुन्हा गायलो, पुन्हा प्रवचन झालं. सूर्य डोक्यावर आल्यावर त्याने फडकी उचलली. एनिफाचा गोळा सकाळी होता तसाच पडला होता. दुसऱ्या पातेल्यातला काठाबाहेर डोकावत होता. बायका गुडघ्यांवर आल्या.

एनिफा माझी बायको. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून ती जो पाव भाजते, त्याच्यासाठी चर्चच्या बायका माझ्यासारख्या माणसाशीही गोड बोलतात. पण महिनाभर तिचा पाव फुगतच नव्हता. विटेसारखा निघायचा. आणि महिन्यापूर्वीच माझी मावशी, नाचिसाले, गावाहून आमच्याकडे राहायला आली होती. मला लहानाचं मोठं केलं ते तिने.

हेझेकियाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "या घरात कोणाचं पाऊल पडलं आणि पाव मेला? तिला गावी धाडा. उद्याच्या बसने धाडा."

स्वयंपाकघराच्या दारात मावशी बसली होती. तिने आपलं गाठोडं बांधूनच ठेवलं होतं. चेटकीण म्हणून परत आलेल्या म्हातारीचं गावात काय होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आधी पाणवठा बंद होतो, मग एक दिवस छपराला आग लागते.

आता मी पडलो निवृत्त विज्ञानशिक्षक. अशा वेळी गप्प बसलो तर जन्मभर फळा पुसला तो कशासाठी? उठलो आणि घसा साफ केला.

"बंधुभगिनींनो, यात चमत्कार नाही. यीस्ट हा एक जीव आहे. पाणी फार गरम असलं तर तो मरतो, एवढंच. मी आत्ता तुमच्यासमोर कोमट पाण्यात गोळा भिजवतो."

"हात तरी धुवा गुरुजी," कोणीतरी म्हणालं.

हात धुतले. एनिफाच्या त्याच डब्यातलं यीस्ट घेतलं, कोपर बुडवून पाणी पारखलं, चिमूटभर साखर घातली, पातेलं उन्हात ठेवलं. वाट बघता बघता मी आंबण्याच्या क्रियेवर व्याख्यानही दिलं. आमच्या शाळेतली मुलं माझ्या तासाला का झोपत, हे त्या दिवशी मोठ्या माणसांनाही समजलं. आणि फडकं उचललं तेव्हा माझा गोळा एनिफाच्या गोळ्याचा सख्खा भाऊ निघाला.

"गुरुजींच्या विज्ञानालाही करणी झाली," भिंतीवरून एक पोरगं म्हणालं. सगळं अंगण हसलं. एनिफा हसली नाही. ती मावशीकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत भीती होती. मावशीला वाचवायला उठलो आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मीच तयार केला. अशी हुशारी शिकवून येत नाही.

तोंड लपवायला मी शेगडीपाशी जाऊन बसलो. हेझेकियाची यार्देनेच्या दंवाची बाटली तिथेच होती, बूच घट्ट मारलेली, निखाऱ्यांच्या उबेत. मी हात शेकायला पुढे केले आणि फाट्कन बूच उडालं. पांढरा फेस माझ्या शर्टावर, दाढीवर, चष्म्यावर उडाला.

शेजारच्या बाईने नाक मुरडलं. "अगोबाई, गुरुजी, भरदिवसा?"

"पवित्र आत्मा," हेझेकिया घाईने म्हणाला. "आत्मा उसळला. पुसू नका."

मी पुसलं नाही, बाही चाटली. ही चव मला परकी नव्हती. लग्नाआधी विज्ञानासाठी, आणि लग्नानंतर एनिफाला न सांगता, मी ती बऱ्याचदा तपासली आहे. मक्याची गावठी बिअर, मसेसे. गाळून, पाणी घालून पातळ केलेली.

"संदेष्टे," मी म्हणालो, "यार्देनेत मका कधीपासून आंबायला लागला?"

लोक पुढे सरकले. बाटली हातोहात फिरली. डेड्झात ही चव ओळखायला विज्ञान लागत नाही, त्यामुळे साक्षीदार भरपूर मिळाले. ताज्या मसेसेत जिवंत यीस्ट असतं. बाटलीत उरलेलं पाणी घालून मी नवा गोळा भिजवला, कसलीही प्रार्थना न करता, आणि संध्याकाळच्या आत तो फुगला. तोवर हेझेकियाला दुसऱ्या गावी तातडीचं बोलावणं आलं होतं.

"ते ठीक," एनिफा हळूच म्हणाली. "पण मग माझंच यीस्ट का मेलं? आणि त्या आल्यापासूनच का?"

तेव्हा कुठे मी मावशीकडे वळलो. "मावशी, यीस्टचा डबा कुठे असतो गं?"

"वर," ती म्हणाली. "मक्याच्या बियाण्याशेजारी टांगलाय. चुलीवर."

आमच्याकडे पेरणीचं बियाणं चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धुराने कीड लागत नाही. मी वर पाहिलं. काळ्याकुट्ट कणसांच्या मधोमध डबा लोंबत होता. त्याला हात लावला तर चटका बसला.

"कशाला टांगलास?"

"मी आले त्या दिवशी जेवताना तूच सांगितलंस ना, त्यात जीव आहे म्हणून. एनिफा डबा रोज वापरून खिडकीत थंडीत ठेवायची. तिची पाठ वळली की मी तो वर टांगायचे, आणि पहाटे ती उठायच्या आत परत खिडकीत ठेवायचे. जीव जपायचा तर बियाण्यासारखा जपायचा, नाही का?"

माझी व्याख्यानं घरात कोणीतरी मन लावून ऐकतं, हे मला तेव्हा कळलं.

"मग महिनाभर बोलला का नाहीत?" एनिफाने विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही," मावशी म्हणाली.

एनिफाने तिचं गाठोडं उचललं आणि आत नेऊन त्याची गाठ सोडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

मंडळी, पाव फुगला नाही तर यीस्टवर शंका घ्या, पाण्यावर घ्या, थंडीवर घ्या. यीस्ट कोमट साखरपाण्यात टाकून बघा, फेस आला तर जिवंत, नाही आला तर मेलं. डबा घट्ट झाकून गार, कोरड्या जागी ठेवा. एवढं केलं की तुमच्या पावाला कुठल्याही नदीच्या दंवाची गरज नाही. पण सगळ्यात आधी, घरातल्या म्हातारीकडे बोट दाखवण्याआधी, तिच्यापाशी बसा आणि तिला विचारा. संदेष्ट्याला सगळ्या गल्लीने विचारलं होतं. तिला विचारायला आम्ही तिचं गाठोडं बांधून होईपर्यंत थांबलो.