साडूचा समुद्र

आसाराम माझा साडू. त्याची बायको साळूबाई थोरली, माझी रतन धाकटी. केडगावात पोहण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. कमरेला सुका भोपळा बांधून मी गावची चाळीसेक पोरं विहिरीत तयार केली. आणि हा आसाराम माझ्या लग्नात विहिरीच्या पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करत होता. पुढं रस्त्याच्या कामावर मुकादम होऊन तो मुरूडला गेला आणि दर दिवाळीला येऊन समुद्राच्या गोष्टी सांगायला लागला. सगळी सासुरवाडी तोंडाचा आ करून ऐकायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

एकाहत्तरच्या मे महिन्यात रतनच्या हट्टापायी आम्ही मुरूडला गेलो. किनारा देखणा होता, तेही मला आवडलं नाही. कोळ्यांनी लाल फडकी बांधून दोन बांबू रोवले होते. त्यांच्यामधलं पाणी भरवशाचं, पलीकडे जायचं नाही, असं आसारामनं मलाच बजावलं. मग ट्रकची ट्यूब घेऊन तो लाटांवर असा काही डोलायला लागला, की पोराटोरांचा घोळका त्याच्यामागं. साळूबाई काष्टा खोचून त्याच्या शेजारी बिनघोर हातपाय मारत होती. रतन घोटाभर पाण्यात उभी राहून एकटक बघत होती. ती आसारामलाच बघतेय असं वाटून माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

बांबूंच्या आतच एक खडक होता. सकाळी मी त्याच्याभोवती बुडी मारून पाहिलं होतं, पुरुषभर पाणी होतं. जेवण झालं, डुलकी झाली, आणि चारच्या सुमाराला मी त्या खडकावर चढून सगळ्यांना हाका मारल्या. आसाराम लांबून हात हलवत ओरडला, पाणी उतरलंय म्हणून. साडू जळतोय, मी म्हटलं. ओहोटी पुस्तकात वाचली होती, पण जन्म गेला विहिरीवर. विहिरीचं पाणी सकाळी असतं तेवढंच चारला असतं. फेसाखाली तळ दिसत नव्हता. मी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला.

पाणी मांडीभरच होतं. पाय मुरगळला आणि ब्रह्मांड आठवलं. आसारामनं मला पाठुंगळी मारून वाळूवर आणलं. तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

रतननं पाय चाचपून पाहिला, ओला पंचा गुंडाळला. मग खाली बघतच म्हणाली, "गावची चाळीस पोरं तयार केली तुमी. मला कधी इचारलं?"

बाईमाणसानं चारचौघांत विहिरीत कसं उतरायचं, असं मी पुटपुटलो.

"मी दुपारची भाकरी घिऊन येती तवा हिरीवर कुनीबी नसतं," ती म्हणाली. "बारा वर्सं झाली. दाजींनी अक्काला हितं आल्यावर पैल्याच साली शिकवलं."

सकाळपासून ती कोणाकडे बघत होती ते मला तेव्हा कळलं. माझ्यासारखीच तीही जळत होती, आपल्या बहिणीवर. तिनं काष्टा खोचला आणि साळूबाईनं धरलेल्या ट्यूबकडं चालत गेली.

आसाराम मला सोबत म्हणून समुद्राकडं पाठ करून बसून राहिला. मी मात्र तिकडंच बघत होतो. रतन दोनदा बुडाली, ठसकली, आणि तिसऱ्यांदा तरंगली. तेव्हा तिनं किनाऱ्याकडं वळून बघितलं नाही.