अर्ध्यावर आटवलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. पण किटलीला तोंड नसतं, तोटी असते, आणि तोटीतून जे निघतं ते उकळूनच निघतं. तेव्हा ते शुद्ध समजायला हरकत नाही.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. माझा पत्रा इतका टणक की मला आकार देता देता यंत्रालाच पोचे पडले. पहिल्या उकळीला मी अशी शिट्टी घातली, की गल्लीतली कुत्री मला आगगाडी समजून भिंतीला चिकटून उभी राहिली. ती कुत्री आता हयात नाहीत, नाहीतर साक्षीला आणली असती.

ज्या घरात मी आले तिथे सासूबाई, त्यांचा मुलगा, सून आणि नुकते दात येऊ लागलेली नात राहत होती. नातीला सगळे चिमणी म्हणत. मुलगा रात्रपाळीचा रखवालदार. तो दिवसभर घोरे, म्हणून या गोष्टीत त्याचं काम नाही.

घरामागे बोअर होती. तिचं पाणी काचेसारखं स्वच्छ, चवीला गोड, वास म्हणून नाही. सून याच गल्लीत, याच पाण्यावर लहानाची मोठी झालेली. तिच्या दातांवर तपकिरी डाग होते, मधूनमधून खडू ओढल्यासारखे पांढरे पट्टे. हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जाई. सासूबाईंची पाठ फळीसारखी ताठ झालेली. मागे कोण आलं ते बघायला त्या दरवाजासारख्या सबंध वळत. पाहुणे म्हणत, "काय करारी बाई आहे!"

सुनेला ध्यास एकच होता. चिमणीने मोठेपणी तोंड उघडून हसावं.

"हे सगळं पाण्यातल्या जंतूंचं काम," सासूबाईंनी निकाल दिला. "पाणी अर्धं होईपर्यंत उकळ. अर्ध्यावर आलं की त्यातला दोष गेलाच समज."

झालं! रोज सकाळी मला काठोकाठ भरायचं आणि अर्ध्यावर उतरवायचं. त्या पाण्यात चिमणीची पेज शिजे, तेच तिला प्यायला. माझ्या पोटात पांढरा थर चढला, पण बाहेरून मला राखेने घासून आरशासारखी ठेवत. "ही आहे म्हणून पोर सुखरूप आहे," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी इतकी फुगले की शेगडीवर मावेनाशी झाले.

मग एक दिवस पाणी तपासणारी बाई आली. तिने बोअरचं पाणी आधीच बाटलीत भरून नेलं होतं.

"यात फ्लोराइड फार आहे," ती म्हणाली. "जमिनीतल्या खडकातून उतरतं. थोडं असलं तर दातांना चांगलंच. पण इतकं वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर दात डागाळतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात."

"आम्ही उकळून पितो हो," सून घाईघाईने म्हणाली.

"किती उकळता?"

"अर्धं होईपर्यंत."

बाईने कपाळाला हात लावला. "अहो, मग दुप्पट झालं की!"

"उकळलेलं पाणी वाईट?" सासूबाई सबंध वळल्या. "उद्या म्हणाल, सूर्य गार असतो!"

"आजी, भाजीचा रस्सा आटला की खारट होतो ना? मीठ वाफेबरोबर उडून जातं का?"

इतकी वर्षं चुलीपुढे काढलेल्या सासूबाईंनी माझं झाकण उचललं आणि आतला पांढरा थर नखाने खरवडून बघितला.

"जंतू उकळून मरतात, फ्लोराइड जात नाही," बाई म्हणाली. "या पोरीच्या कायमच्या दातांची घडण हिरड्यांच्या आत आत्ता चालू आहे. तळ्यावरच्या नळाचं पाणी तपासलंय, ते चांगलं आहे. ते आणा."

दुसऱ्या दिवशी सून कळशी घेऊन तळ्यावरच्या नळाला गेली. "येईपर्यंत चिमणीला काही देऊ नका," म्हणून बजावून गेली. इकडे चिमणीने भुकेने घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी सवयीने मला बोअरच्या पाण्याने भरलं, शेगडीवर चढवलं. पाणी अर्ध्यावर आलं. पेजेचं भांडं तयार होतं.

मित्रांनो, मग मी काय केलं असेल? मी शिट्टी फुंकली, खिडकीच्या काचा तडकल्या! मी शेगडीवरून उडी घेतली, हवेत दोन कोलांट्या मारल्या आणि मोरीत तोंडघशी पडून सगळं पाणी ओकून टाकलं. पोर वाचली! म्हणून सांगते, पाणी दिसायला स्वच्छ आहे म्हणून भुलू नका, ते तपासून घ्या. आणि जुन्या किटल्यांचा मान ठेवा, कारण त्या दिवशी मी जर उडी मारली नसती, तर...

"खोटं!" माझं झाकण खणखणलं. "मी तुझ्याच डोक्यावर होतं की! कसली उडी आणि कसल्या कोलांट्या? चिमणी आजीकडे बघून हसली, दोन नवे दात दाखवून. आजींनी तुला मुकाट्याने उतरवलं. पाठ वाकत नव्हती, तरी भिंत धरत धरत मोरीपर्यंत नेलं, थेंब न थेंब ओतून टाकला. आणि सून यायच्या आत शेगडी पुसून, काही झालंच नाही अशा थाटात बसल्या!"