दहा की अडीच

मी अपेक्षाच्या ॲप्रनच्या खिशातला कॅल्क्युलेटर बोलतोय.

गुलमंडीवरच्या एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. अपेक्षाचा नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा तिच्या वडिलांनी मला विकत घेतलं. सोमनाथ त्यांचं नाव. वाळूजला कंपनीत कामाला. "घे, आता गणिताचं टेन्शन नाय," ते म्हणाले. अपेक्षा हसली खरी, पण तिच्या बोटांना घाम फुटला होता.

का, ते लवकरच समजलं. बाराचे निम्मे करायलाही ती मला बाहेर काढायची. अपूर्णांक दिसला की ती वही मिटायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मात्र ऐटीत असायचो. माझ्यावाचून तिचं पान हलत नव्हतं ना!

मग लहान मुलांच्या वॉर्डात तिची महिनाभराची पाळी लागली. एक पोर तापानं आईच्या मांडीवर तळमळत होतं. डॉक्टरांनी सव्वाशे मिलिग्रॅम औषध लिहिलेलं. बाटलीवर छापलं होतं, पाच मिलिलिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅम.

"बेटा, जल्दी दो ना दवा," आई काकुळतीला आली.

अपेक्षानं घाईघाईत माझी बटणं दाबली. भागाकार उलटा झाला. मला जे विचाराल तेच मी सांगणार. मी दहा दाखवले. तिनं मापाच्या टोपणात दहाच्या रेघेपर्यंत औषध ओतलं आणि पोराच्या ओठांशी नेलं.

कुणीतरी तिचं मनगट पकडलं. तिच्या शिक्षिका, संध्या मॅडम.

"पाच मिलीत अडीचशे. तुला द्यायचेत सव्वाशे. मग औषध पाचापेक्षा जास्त लागेल का कमी?"

"मॅडम, कॅल्क्युलेटरवर दहा आलं..."

"मी त्याला नाही विचारलं. तुला विचारलं."

अपेक्षाची नजर पुन्हा माझ्याकडेच वळली. मॅडमनी टोपण काढून घेतलं, अडीच मिली मोजून पोराला पाजलं आणि तिला बाहेर नेलं. व्हरांड्यात अपेक्षा रडतच बोलली, "पाचवीत अपूर्णांक आले तेव्हापासून मला कळलंच नाय. नुसतं पाठ करत आले."

"मग पाचवीपासून बसू," मॅडम म्हणाल्या. "पण तोंडी हिशोब जमेपर्यंत औषधाला हात लावायचा नाही. पाळी संपेपर्यंत जमला नाही, तर यंदाचं वर्ष गेलं समज."

त्या दिवसापासून मी खिशातच राहिलो. दुपारच्या सुट्टीत मॅडम पाणी भरलेली मापं मांडत. पाव, अर्धा, पाऊण. "दोन पाव मिळून किती?" अपेक्षा चुकायची, ओतून बघायची, पुन्हा चुकायची. सोबतच्या मुली दारातून डोकावून हसायच्या. समीकरण आलं आणि ती घाबरली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "क्ष म्हणजे काय गं? अजून न ओतलेलं औषध. बास." ते ऐकून तिनं पहिल्यांदा आपण होऊन पेन्सिल उचलली.

पाळीच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी तिला एका खाटेपाशी उभं केलं. बाटली तशीच, पण लिहून दिलेलं औषध शंभर मिलिग्रॅम. अपेक्षाचा हात खिशात आला. तिनं मला इतकं घट्ट आवळलं, की माझी दोन-तीन बटणं दबली. मी उत्तर द्यायला आसुसलो होतो. काढ मला बाहेर, काढ!

तिनं हात रिकामाच बाहेर काढला.

"पाचापेक्षा कमी," ती पुटपुटली. "पन्नासला एक मिली. म्हणजे... दोन."

"नक्की?" मॅडमनी विचारलं. अपेक्षाचा चेहरा उतरला. तिनं डोळे मिटून दोन गुणिले पन्नास असा ताळा करून पाहिला आणि या वेळी मोठ्यानं म्हणाली, "दोनच, मॅडम."

"मग बघत काय बसलीस? दे."

आजही मी तिच्या खिशात असतो. उत्तर ती आधी काढते, मग मला विचारते. सुरुवातीला मला याचं वाईट वाटलं. आता वाटत नाही. तुमच्याही हाताशी माझा एखादा भाऊबंद असेलच. त्याला जरूर वापरा. पण बटण दाबण्याआधी उत्तर जास्त येईल का कमी, एवढं मनाला विचारत जा. मला फक्त आकडे दिसतात हो. खाटेवरचं पोर तुम्हालाच दिसतं.