आण्णांच्या जीपचा दुसरा गिअर

मदनआण्णा माझे चुलते. त्यांचा डावा पाय ब्लोअरनं नेला. द्राक्षबागेत औषध फवारताना धोतराचा सोगा फिरत्या शाफ्टात गेला आणि धोतर एकटं जायला तयार होईना. मिरजेच्या डॉक्टरांनी उरलेला भाग नीट कापून दिला. भेटायला आलेल्या प्रत्येकानं धोतराबद्दल हळहळ व्यक्त केली. नवं होतं.

एका पायाच्या माणसाला क्लच दाबता येत नाही, हे तासगावात सगळ्यांना एकाच आठवड्यात सुचलं आणि सगळ्यांनी ते घरी येऊन सांगितलं. तेव्हा आण्णांनी महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याकडून जुनी अमेरिकन जीप आणली. मूळची कुठल्याशा परदेशी वकिलातीची, लिलावात निघालेली. चारी चाकांना ओढ, स्टिअरिंग डावीकडं, आणि गिअर आपोआप पडणारे. क्लच नाहीच. आण्णा म्हणाले, "गाडी माझ्यासारखीच हाय. डाव्या पायाचं काम न्हाई."

फक्त पहिल्याचा दुसरा गिअर पडताना जीप थांबून विचार करायची. इंजिन ओरडायचं, चाकं गप्प. सपाटीला चालून जायचं. पण आण्णांची बेदाण्याची शेड माळावर, घर गावात, आणि मधे ओढा. ओढ्यातून वर येणारा चढ थेट आमच्या चौकात संपतो. त्या चढावर गिअर हमखास अडकायचा.

चौकात आम्ही असायचो. आमच्यात वाईट कुणी नव्हतं, फक्त सगळ्यांना वेळ होता. सिद्धूचा आवाज चांगला. सांगलीत संगीत नाटकं बघून आलेला तो. चढावर इंजिन ओरडायला लागलं, की सिद्धू त्याच सुरात आलाप धरायचा. आम्ही मागून आऽऽ लावायचो. गिअर पडेपर्यंत श्वास सोडायचा नाही, असा नियम होता. गिअर पडला की टाळ्या, आणि मग एका सुरात, "वन्स मोअर!"

बहुतेक वेळा वन्स मोअर मिळायचा. गिअर घसरून घसरून पेटीतलं तेल तापायचं आणि जीप चौकात येऊन बंद पडायची. आण्णा कुबडी टेकत उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि तेल निवायची वाट बघत बसायचे.

आता आण्णांचा नेम. पाय गेल्यावर त्यांनी मुनिमहाराजांपुढं घेतलेला : सूर्य बुडाला की तोंडात घास नाही, पाणीही नाही. आम्हा जैनांच्या घरांत हा नेम पुष्कळांचा असतो. पण बाकीचे जरा मागंपुढं बघतात. आण्णा फक्त पश्चिमेकडं बघायचे. शेडला कुलूप स्वतः लावल्याशिवाय निघायचे नाहीत, आणि तेल निवेपर्यंत सूर्य बुडायचा.

"डबा न्या की माळावर," मी एकदा म्हणालो.

"घर असताना शेडात जेवायला मी रखवालदार हाय व्हय रं?" मग पश्चिमेकडं बघत, "राजमती ताट वाढून बसली असंल."

हे वाक्य ते रोज म्हणायचे. घरी पोचल्यावर राजमतीकाकू दारातच म्हणायच्या, "आत्ताच झाकलं बघा. थोडक्यात चुकलं." आण्णा मान हलवायचे आणि उपाशी झोपायचे. सकाळी जीपला शिव्या द्यायचे. काकूंना कधी शब्द बोलले नाहीत. वाट बघणाऱ्या बाईला काय बोलणार?

मग आण्णांना कळलं, की सांगलीत कृष्णात मिस्त्री आलाय. कृष्णात कुवेतच्या गॅरेजात होता. लढाई झाली तसा नेसत्या कपड्यानिशी परत आला. पण गप्पा सगळ्या घेऊन आला. आम्ही जीप त्याच्याकडं नेली. त्यानं खाली सरपटत जाऊन पाहिलं आणि तिथूनच भाषण केलं.

"आण्णा, पेटीत एक पत्रा असतोय. त्याला बारकी भोकं. त्यातनं तेल जातंय, तेल दाबतंय, तवा गिअर पडतोय. हिचं तेल वरातीत निघाल्यागत चालतंय. भोकं मोठी करायची, स्प्रिंगा कडक टाकायच्या. शेखाच्या गाड्या वाळूत चालवायला आमी ह्येच करायचो. गिअर असा पडंल, की मानंत कळ निघंल."

"कळ निघू दे. वेळंवर घरी पोचीन का?"

"पोचाल. पण एक सांगतो. मोठं केलेलं भोक परत ल्हान होत न्हाई. शेखालाबी न्हाई झालं. आणि जुना पत्रा ह्या एकाच गाडीचा, दुसरा मिळायचा न्हाई. घरी इचार करा."

घरी विचार झाला. घरी म्हणजे आण्णा, काकू आणि काकूंचे भाऊ अतिशयमामा. मामा चार दिवसांसाठी आले होते. त्याला बरीच वर्षं झाली होती. एरवी मामा कशातच पडायचे नाहीत. जेवण सोडून. पण त्या दिवशी ते पेटून उठले.

"भावजी, जुन्या गाडीला झटके द्यायचे नसत्यात. पेटी फुटंल. बसता कशावर मग?"

"फुटली तर फुटली."

"आवं, आहे ते बरं हाय की," काकू म्हणाल्या. "गाडी सावकाश चालती, जीव तरी सुखरूप ऱ्हातोय. एक पाय गेलाय तेवढा बास झाला."

"आणि रात्री उपाशी ऱ्हायल्यानं," मामा गंभीरपणे म्हणाले, "आयुष्य वाढतंय." मामांची ढेरी बघता ते स्वतः फार जगणार नव्हते.

आण्णा माझ्याकडं वळले. "बघ गड्या, किती जीव लावत्यात." डोळ्यांत पाणी होतं. "पण रोज ती ताट वाढून बसती आणि मी न्हाई पोचत. तिला काय वाटत असंल? माझ्या भुकेचं जाऊ दे. तिच्यासाठी तरी करायला पायजे."

काकू काहीतरी बोलणार होत्या. मामांनी त्यांच्याकडं बघितलं. 

कृष्णातनं भोकं मोठी केली.

पहिल्या दिवशी मी आण्णांच्या शेजारी होतो. शेडला कुलूप लागलं, जीप निघाली आणि दुसरा गिअर पडला. पडला म्हणजे मागून बैलानं धडक मारली असं वाटलं. माझं डोकं मागं सीटवर आपटलं. कुबडी पुढून मागच्या सीटवर गेली. आण्णा हसत होते. पाय गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. दात किती कमी राहिले होते तेही.

"बघितलंस? इचार न्हाई, आचार न्हाई. धाडकन!"

ओढा उतरलो, चढ लागला. वर चौकात सिद्धूनं नेहमीप्रमाणं श्वास भरला. त्यानं आ केला न केला, तोच गिअर आदळला आणि आम्ही त्याच्यासमोरून निघून गेलो. वळून बघितलं तर सगळा चौक तोंड उघडं टाकून उभा होता. आलाप कुणाचाच सुटला नव्हता.

"वन्स मोअर म्हणा की!" आण्णा खिडकीतून ओरडले.

घरी पोचलो तर पाण्याच्या टाकीवर ऊन होतं. चांगलं पिवळं, जेवणापुरतं. काकू अंगणात केस विंचरत बसल्या होत्या. त्यांनी आधी आण्णांकडं बघितलं, मग उन्हाकडं, मग परत आण्णांकडं. असं कुणी पाहुण्याकडंही बघत नाही.

"एवढ्या लवकर? काय झालं?"

"काय न्हाई झालं. सूर्य हाय अजून. वाढ."

आण्णांनी चूळ भरली, एका पायावर तोल सावरत हात धुतले आणि आत जाऊन पाटावर बसले. मी दारात थांबलो. चूल सारवलेली होती. भांडी पालथी होती. आण्णांनी हात लांब करून एक पातेलं सरळ केलं. आतून कोरडं. दुसरं केलं. तेही कोरडं. आत्ता घासलेली भांडी निदान ओली तरी असतात.

बाहेरच्या खोलीतून मामांची ढेकर आली. ती पूर्ण जेवणाची होती.

"माझं कुठाय?" आण्णांनी विचारलं.

काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या. फणी हातातच. "आवं, तुमी येतच न्हाई तवा. रोज करायचं आणि रोज सकाळी म्हशीला घालायचं? अन्नाची नासाडी बरी दिसती का?"

"कवापासनं करत न्हाईस?"

"आता ते काय ध्यानात ठिवलंय व्हय?" काकूंना खरंच आठवत नव्हतं. त्या मनाशी शोधत होत्या. "गाडी आली तवापासनंच की. तुमी पयल्या आठवड्यात पोचलाच न्हाई."

"आणि ‘आत्ताच झाकलं’?"

"तुमास्नी बरं वाटावं म्हणून."

मामा बाहेरच्या खोलीतूनच म्हणाले, "भावजी, मी म्हणलं हुतं. झटके द्यायचे नसत्यात."

आण्णा पाटावरून हलले नाहीत. काकूंना बहुतेक वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी काडेपेटी शोधली. "बसा. पिठलं टाकती. कितीसा येळ लागतोय?"

आण्णांनी खिडकीतून बघितलं. टाकीवरचं ऊन वरच्या कडेला गेलं होतं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तेवढ्यात बुडंल."

बुडाला. काकूंनी काडी विझवली. मग वर्षानुवर्षांच्या सवयीनं, अगदी मायेनं, त्यांच्या तोंडून निघालं, "थोडक्यात चुकलं बघा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. आण्णांनी कृष्णातला सांगितलं, "पयल्यासारखी कर."

"म्हंजे?"

"सावकाश. पडू नये दुसरा गिअर. चौकात बंद पडली पायजे."

कृष्णात पहिल्यांदाच कुवेतचं काही बोलला नाही. "आण्णा, सांगितलं हुतं न्हवं. मोठं केलेलं भोक..."

"बारीक कर."

"न्हाई हुत."

परतताना गिअर प्रत्येक वेळी धाडकन पडत होता आणि प्रत्येक वेळी आण्णांची मान मागं जात होती. ते हसत नव्हते. त्यामुळं दात दिसले नाहीत.

काकूंनी त्या दिवसापासून आण्णांचं जेवण करायला सुरुवात केली, असं सांगितलं तर बरं वाटेल. केली असेलही. ते बघायला कुणी वेळेवर जातच नाही. कारण आता संध्याकाळी जीप माळावरून वाऱ्यासारखी येते, चढ एका दमात चढते आणि चौकात येऊन थांबते. आण्णा इंजिन बंद करतात, कुबडी टेकत उतरतात आणि बॉनेट उघडतात. एकदा मी सहज आत हात लावला. पेटी घरातल्या चुलीइतकी थंड होती. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी हात काढून घेतला.

पोरं सुरुवातीला गोंधळली. इंजिनच बंद, तर सूर कुणाचा धरायचा?

"सिद्धू," आण्णा म्हणाले, "लाव की रं. गप का?"

सिद्धूनं आलाप धरला. आम्ही मागून आऽऽ लावला. आण्णा बॉनेटला टेकून पश्चिमेकडं बघत राहिले. मधेच एकदा म्हणाले, "राजमती ताट वाढून बसली असंल." कुणाला, ते कळलं नाही.

सूर्य बुडाला. आण्णांनी बॉनेट लावलं, जीप सुरू केली. दुसरा गिअर धाडकन पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या.